मखमलीचा दसरा

पितृपक्ष लागला की आमच्या लातूरच्या गल्लीत दसरा काढायला सुरुवात होते. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते: घट बसायच्या आत घरातली धुण्यासारखी प्रत्येक वस्तू धुवून काढायची, आणि जी धुण्यासारखी नाही तीही जमलं तर धुवून काढायची, म्हणजे दसरा काढणं. माळ्यावरच्या गोधड्या, वाकळा, सतरंज्या, गाद्यांच्या खोळी, लग्नात आलेली आणि कधीच न वापरलेली भांडी, पंख्याची पाती, सगळं एकदा उजेडात येतं. आमच्या आत्या (म्हणजे सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणायची पद्धत) सांगतात की त्यांच्या तरुणपणी बैलगाडीत वाकळांचा ढीग घालून मांजरा नदीवर जायचं, दगडावर आपटून धुवायच्या, वाळूत पसरायच्या, तिथंच भाकरी खायची आणि दिवस कलला की परतायचं. आता हेच सगळं गच्चीवर बोअरची मोटर लावून होतं. भाकरी तेवढी खाली येऊन खावी लागते.

या धबडग्यात दिवाणखान्याच्या पश्चिमेच्या खिडकीवरचा डाळिंबी मखमलीचा पडदा मात्र बादलीपर्यंत जात नाही. मामंजींनी कधीतरी हैदराबादहून कापड आणून शिवून घेतलेला, जमिनीपर्यंत येणारा, चांगला वजनदार पडदा आहे. दरवर्षी आत्या आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

"सगळं घर धुवायलोत आपण, आन् हे धुळीचं पोतं तसंच ठेवायलीस?"

"आत्या, तुमची पैठणी धुवायची का मग यंदा?"

"गप गं. पैठणी कुणी धुतं का?"

आमचं हे संभाषण आता पाठ झालंय, पण सांगायची गोष्ट त्यातच आहे. प्रत्येक घरात कापडाचे दोन वर्ग असतात. एक गोधडीचा: पाणी, साबण, आपटणं, कडक ऊन, सगळं सोसणारा. दुसरा पैठणीचा. पैठणी वर्षातून एकदोनदा काढायची, जुनी घडी मोडून नवी घालायची, सावलीत वारं द्यायचं, मलमलच्या फडक्यात गुंडाळून परत ठेवायची. हे आमच्याकडच्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. पडदा मात्र खिडकीला टांगलेला असतो, येताजाता हात लागतो, पोरं त्याला तोंड पुसतात, म्हणून आपण त्याला न विचारता गोधडीच्या रांगेत बसवतो. मखमल त्या रांगेतली नाही.

ती कशी विणतात हे कळलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. बहुतेक मखमल आज जोडीनं विणली जाते. एकावर एक अशी दोन कापडं एकाच वेळी मागावर तयार होतात आणि त्यांच्यामधून ताण्याचे जादा धागे वरखाली ये-जा करत दोघांना बांधून ठेवतात. मग मधून पातं फिरतं, ते मधले धागे बरोबर मध्यावर कापले जातात आणि दोन मखमली वेगळ्या होतात. कापलेल्या धाग्यांची जी उभी टोकं राहतात ती लव. म्हणजे मखमलीचा जो रंग आपल्याला दिसतो तो कापडाच्या पृष्ठभागाचा नसून लाखो धाग्यांच्या शेंड्यांचा असतो. शेंडे उभे असतील तर रंग गडद, आडवे झाले तर फिका आणि चमकदार. "मखमल विटली" म्हणून लोक जी तक्रार करतात त्यातल्या निम्म्या वेळा रंग गेलेला नसतो, लव झोपलेली असते.

लवेला दिशा असते. तळहात वरून खाली फिरवा, मग खालून वर. एकीकडे गुळगुळीत लागेल, दुसरीकडे अडेल. आमच्या पडद्याचं अस्तर बदलायला जे चाचा येतात, ते आल्या आल्या आधी हे करतात, मोजमाप नंतर. कितीतरी शिंपी रंग गडद दिसावा म्हणून लव वरच्या दिशेला ठेवून शिवतात. चाचांना ते पटत नाही. "लव नीचे रखो बाई, तो धूल भी नीचे जाती." आणि पडद्याचे सगळे पट एकाच दिशेचे हवेत, नाहीतर एकाच ताग्यातलं कापड दोन रंगांचं दिसतं. नवा पडदा ताब्यात घेताना हे तपासायला शिंप्याच्या दुकानातला एक मिनिट पुरतो.

आता धुळीकडे येऊ, कारण मराठवाड्यातल्या पडद्याचा खरा पाहुणा तोच. आमची धूळ काळ्या मातीची. बेसाल्ट खडक झिजून झालेली ही माती फार बारीक कणांची, चिकणमातीनं भरलेली. पाणी लागलं की फुगते, वाळली की भेगाळते. पावसात रानात गेलेल्याच्या चपलेला ती किती किलोनं चिकटते हे आमच्याकडच्या कुणालाही विचारा. एप्रिल-मे महिन्यात हीच माती वावटळीबरोबर उठून खिडकीतून आत येते, त्यात आमच्या शहरात डाळमिलांचा भुसाही मिसळतो. हे सगळं लवेच्या मुळाशी जाऊन बसतं. अशा पडद्याला ओलं फडकं लावलं की धूळ निघत नाही, तिचा चिखल होतो. तो चिखल धाग्याच्या बुडाशी उतरतो, वाळतो आणि लव त्यात रुतून बसते. म्हणून मखमलीच्या बाबतीत पहिला नियम पाण्याबद्दलचा नसून क्रमाचा आहे. कोरडी धूळ कोरडीच काढायची, आणि ती पूर्ण निघेपर्यंत ओल जवळ येऊ द्यायची नाही.

कोरडी काढायची कशी, ते माझ्या पद्धतीनं सांगते. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचा जोर सगळ्यात कमी करायचा आणि मऊ ब्रशचं तोंड लावायचं. ते तोंड थेट लवेला लावायचं नाही. खिडकीला मच्छरांसाठी लावतो त्या नायलॉनच्या जाळीचा वहीच्या पानाएवढा तुकडा घ्यायचा, कडेनं चिकटपट्टी लावायची म्हणजे तिची टोकं धाग्यात अडकणार नाहीत, तो पडद्यावर धरायचा आणि जाळीवरून ओढायचं. धूळ जाळीतून जाते, लव आणि सुटे धागे जाळीमागे राहतात. आधी अस्तराची बाजू, मग दर्शनी. वरून खाली, लवेच्या दिशेनं, एक पट्टा झाला की त्याला थोडा चाटून दुसरा. घाई केली की पट्टे दिसतात. चुणीच्या खाचेत धूळ सगळ्यात जास्त असते, तिथं चुणी दोन बोटांनी उघडून धरायला दुसरं माणूस लागतं. आमच्याकडे हे काम धाकट्याकडे आहे. तो फोनमध्ये बघत का होईना, धरतो.

यंत्र नसेल तर पडदा उतरवायचा. दोघांनी, एकेका टोकाला, कारण मखमल जड असते आणि एकाच हुकावर लोंबकळली की वरची पट्टी फाटते. गच्चीवर स्वच्छ चादर अंथरून त्यावर पडदा पालथा घालायचा, अस्तर वर. मग तळहातानं हलके हलके थोपटत जायचं. काठीनं बडवायचं नाही. गोधडी बडवायची सवय हाताला इतकी असते की हे सांगावंच लागतं. पालथं थोपटलं की धूळ चादरीवर पडते. उठल्यावर ती चादर बघा, म्हणजे आत्यांचं "धुळीचं पोतं" किती खरं होतं ते कळेल.

लक्षात घ्या, हे वर्षातून एकदा करायचं काम नाही. दसऱ्याची वाट बघत बसलं तर तोवर फोडणीचा धूर आणि उदबत्तीची काजळी त्या धुळीला तेलकट करून ठेवतात, आणि तेलकट धूळ कोरडी निघत नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी हलक्या हातानं केलं तर दसऱ्याला पडद्याचं काही कामच उरत नाही. आत्यांचा राग मुख्यत: यावर आहे, असं मला वाटतं. न दिसणाऱ्या कामाला काम म्हणायचं कसं?

पाण्याला मखमल एवढी का भिते, तर सगळीच भीत नाही. कशाची आहे त्यावर आहे. दुमडीच्या आतून लवेचे चार-पाच धागे उपटायचे, चिमट्यात धरून बशीवर जाळायचे. मेणासारखं वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटानं चुरडली गेली तर रेशीम. कागदासारखं जळून मऊ राखाडी राख उरली तर सुती किंवा व्हिस्कोस, म्हणजे ज्याला आपल्याकडे रेयॉन किंवा आर्ट सिल्क म्हणतात. आता या दोघांतला फरक कसा ओळखायचा? धागा थुंकीनं ओला करून ओढायचा. सुताचा धागा ओला झाला की उलट मजबूत होतो. व्हिस्कोसची ताकद भिजल्यावर साधारण निम्म्यावर येते, तो पटकन तुटतो.

मला हे पहिल्यांदा वाचून फार गंमत वाटली होती. मांजरेच्या दगडावर आपटूनही वाकळ पिढ्यान्‌पिढ्या टिकते, कारण ती जुन्या सुती लुगड्यांची असते आणि सूत पाण्यात बळकट होतं. आपल्या धुण्याच्या सगळ्या सवयी सुतावर घडलेल्या आहेत. तेच आपटणं, पिळणं व्हिस्कोसच्या मखमलीला लावलं तर जिथं ती सगळ्यात दुबळी असते नेमक्या त्या क्षणी आपण तिच्यावर जोर लावतो. शिवाय भिजलेल्या पडद्याचं वजन कितीतरी वाढतं, तो दांडीवर टांगला की स्वत:च्याच भारानं ताणतो. लव भिजून एकमेकींना चिकटते आणि तशीच वाळते. रेशीम आणि व्हिस्कोसवर तर पाण्याचा नुसता थेंब पडला तरी वाळल्यावर त्याची कड दिसत राहते. आमचा पडदा व्हिस्कोसचा निघाला. मामंजी तो रेशमी आहे असं समजत होते, तसंच सगळे समजतात. मी घरात ते उघड केलेलं नाही.

पॉलिएस्टरची मखमल, जी आज बाजारात बहुतेक सुरतेहून येते, ती मात्र बरीच दणकट असते. तिच्या लेबलवर पाण्याच्या टबाचं चित्र असेल आणि त्यावर फुली नसेल तर थंड पाण्यात, सौम्य द्रवरूप साबणात, न पिळता धुता येते. टबावर फुली म्हणजे धुवायचं नाही. गोल म्हणजे ड्रायक्लीन, गोलात पी किंवा एफ असं अक्षर म्हणजे कोणतं द्रावण चालेल त्याची खूण, त्रिकोण ब्लीचचा. ही चित्रं वाचायला फार तर पाच मिनिटं लागतात, पण शाळेत आपल्याला गुणसूत्रं शिकवतात आणि हे शिकवत नाहीत.

इस्त्रीचा विषय एका वाक्यात संपवते: मखमलीच्या तोंडावर इस्त्री ठेवायची नाही, लव जिथं दाबली जाईल तिथं ती इस्त्रीचा आकार घेऊन झोपते. झोपलेली लव उठवायला वाफ लागते. हातातला स्टीमर असेल तर वीतभर लांबून, शक्यतो उलट्या बाजूनं. त्यात बोअरचं पाणी घालू नका. आमच्याकडचं पाणी जड, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच स्टीमरच्या तोंडातून थेंबाबरोबर कापडावर येतो. आरओचं किंवा बॅटरीत घालायचं पाणी वापरा. वाफ दिल्यावर ओलसर असताना बोट लावायचं नाही, बोटाची खूण तशीच राहते. पूर्ण वाळू द्यायचं, मग मऊ ब्रशनं लव एका दिशेला विंचरायची. व्हिस्कोस आणि रेशमाला वाफही जपूनच, आधी दुमडीत करून बघून.

डागांचं सांगायचं तर टिपायचं, घासायचं नाही. चहा सांडला तर पांढऱ्या सुती फडक्यानं दाब देऊन लगेच टिपून घ्यायचा. मेणबत्तीचं मेण पडलं तर पिशवीत बर्फ घालून त्यावर ठेवायचा, मेण कडक होऊन तडकतं, मग नखानं सोडवायचं. तेलाच्या डागावर शंखजिऱ्याची पूड भुरभुरवायची, काही तास तसंच ठेवायचं आणि जाळीवरून ओढून काढायची. पालीची घाण ओली असताना हात लावला की पसरते, वाळली की ब्रशनं उडते. बाजारातलं डाग काढायचं द्रव्य वापरायचंच असेल तर आधी दुमडीच्या आत पांढऱ्या कापडाला लावून दाबून बघायचं. रंग कापडावर उतरला तर तिथंच थांबायचं. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन मात्र घरात कुठल्याच मखमलीजवळ नेऊ नका. ॲसिटेटची (हाही एक कृत्रिम धागा) मखमल असेल तर डागाबरोबर तेवढा पडदाही विरघळेल.

आणि आता अस्तर. लोक मखमलीची काळजी करतात आणि अस्तराकडे बघत नाहीत. माझ्या मते पडद्याचं आयुष्य अस्तर ठरवतं.

आमच्या पश्चिमेच्या खिडकीत मे महिन्यात दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन असतं. बाहेर बेचाळीस अंश, काचेच्या आत पडद्याच्या मागे त्याहून जास्त. उन्हातले अतिनील किरण सुताचा तंतू आतून तोडतात, रेशमाचं तर त्याहून लवकर वाटोळं करतात. पडद्यामागचं अस्तर हे सगळं अंगावर घेतं, म्हणून मखमलीचा डाळिंबी डाळिंबी राहतो. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मशरू नावाचं कापड विणतात त्यात दिसायला वर रेशीम आणि अंगाला लागायला आत सूत असतं. पडद्यातही विभागणी तीच, फक्त इथं सुताच्या वाट्याला घामाऐवजी ऊन येतं.

गेल्या उन्हाळ्यात पडदा उतरवून मी त्याचं अस्तर उजेडात धरलं. पिवळट कापडावर उभे पट्टे दिसत होते, एक गडद, एक फिका, एक गडद. चुण्यांची जी कड बाहेरच्या बाजूला, काचेकडे असते तिला सगळं ऊन मिळतं. जी आत वळलेली असते ती सावलीत राहते. पडदा रोज उघडून मिटला तरी चुण्या त्याच जागी पडतात, त्यामुळं वर्षानुवर्षं तीच कड भाजत राहते. गडद पट्ट्यावर दोन्ही अंगठे शेजारी शेजारी ठेवून हलकेच बाहेरच्या बाजूला ताण दिला. कापड आवाज न करता उकललं. शेजारच्या फिक्या पट्ट्यावर तेवढाच जोर दिला, काही झालं नाही. ही अंगठ्यांची परीक्षा कुठलंही जुनं अस्तर धुण्याआधी करा. कापड असं उकललं तर ते धुण्यापलीकडे गेलंय. ते धुवायला किंवा ड्रायक्लीनला टाकलं तर परत येताना चिंध्या येतील, आणि दोष लाँड्रीचा नसेल.

अस्तर धडधाकट असेल तर उत्तम उपाय म्हणजे ते उसवून वेगळं धुणं. मखमलीसकट धुण्यात अडचण आकसण्याची आहे. सुती अस्तर पाण्यात आटतं, मखमल तेवढी आटत नाही, मग शिवणीशी चुण्या पडतात आणि पडद्याचा खालचा काठ वर उचलून धरल्यासारखा लटकतो. वरच्या पट्टीतलं बक्रम खळीनं कडक केलेलं असतं, पाण्यात ते मऊ होऊन त्याचा लगदा होतो. ती खळ म्हणजे कसरीचं जेवण, हेही जाता जाता सांगते. पावसाळ्यात पडद्याच्या वरच्या पट्टीत चंदेरी किडे दिसले तर ते बहुधा बक्रम आणि अस्तराची खळ खायला आलेले असतात. लोखंडी हुक आणि रिंगा आधी काढून ठेवा, ओलीत त्यांच्या गंजाचा डाग पडला तर तो निघत नाही.

सुटं अस्तर धुवायला कोमट पाणी आणि सौम्य द्रव साबण पुरतो. साबणवडी वापरू नका. आमच्या जड पाण्यात ती फेस देत नाही, पाण्यातल्या चुन्याशी मिळून राखाडी साका धरते आणि तो साका कापडात बसतो. रिठ्याला हा त्रास नाही. रिठ्याचं पाणी जड पाण्यातही साका धरत नाही, म्हणून लोकर आणि रेशमासाठी जुन्या बायका ते वापरायच्या. पांढऱ्या अस्तराला मात्र त्याचा तांबूस झाक येतो, तेवढं ध्यानात ठेवा. हळदीचा हात लागलेला असेल तर साबणानं तो डाग लाल होतो, घाबरायचं नाही. धुवून दोन दिवस उन्हात ठेवलं की हळद उडते, तिला ऊन सोसत नाही. अस्तराच्या नशिबी ऊन चांगलं ठरायची ही एकच वेळ.

नवं अस्तर लावणार असाल तर कोरा मांजरपाट शिवायच्या आधी रात्रभर भिजत घाला, वाळवा, इस्त्री करा. आटायचं ते आधीच आटू दे. चाचांची आणखी एक रीत मला फार आवडते. ते अस्तर खालच्या काठाला मखमलीशी शिवून टाकत नाहीत. अस्तर बोटभर आखूड ठेवतात, त्याची दुमड वेगळी मारतात, आणि मध्ये मध्ये जाड दोऱ्याची दोन-तीन इंची साखळी घालून दोन्ही काठ एकमेकांना नुसते बांधून ठेवतात. ऊनपावसात अस्तर थोडं वरखाली झालं तरी मखमलीला ओढ बसत नाही, आणि पुढच्या वेळी उसवायला अर्धा तास कमी लागतो.

आता बरेच जण मागे ब्लॅकआऊटचं कापड लावून घेतात. उन्हाच्या दृष्टीनं ते छानच. पण त्याच्या पाठीला फेसाचा लेप असतो. कडक द्रावणात तो लेप ताठ होतो, तडकतो, कधी घडी घातली तर स्वत:लाच चिकटून बसतो. म्हणून ड्रायक्लीनला देताना "मखमलीचा पडदा आहे" एवढं सांगून भागत नाही. मखमल कशाची, अस्तर कशाचं, लेप आहे का, काठाला जरीकाम आहे का, कुठं कसला डाग आहे, हे सगळं तोंडी आणि पावतीवर. मी दुमडीतला कापडाचा तुकडा कापून आधी त्याच्यावर करून बघायला सांगते. चांगला लाँड्रीवाला हसत नाही, घेतो. द्रावण कोणतं तेही विचारायचं. परक्लोरोएथिलीन असेल तर पडदा परत आल्यावर एक दिवस गच्चीत सावलीला वारं देऊनच आत आणायचा, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते माणसाला बहुधा कर्करोगकारक असलेल्या गटात टाकलंय. आणि "पेट्रोल वॉश घरीच करू, बाटलीभर पेट्रोलात होतं" असं सांगणारा भाऊजी प्रत्येक कुटुंबात एक असतो. त्याला चहा द्या आणि पडद्यापासून लांब ठेवा. पेट्रोलची वाफ जमिनीसरशी पसरते आणि शेजारच्या खोलीतल्या देवापुढच्या निरांजनापर्यंत जाते.

आमच्या भाच्याच्या नाट्यमंडळाला एकदा रंगमंचाच्या मखमली दर्शनी पडद्याबद्दल हाच प्रश्न पडला होता: धुवून टाकायचा का? सभागृहातल्या सुती मखमलीला पुष्कळदा आग लवकर धरू नये म्हणून क्षारांचं द्रावण पाजलेलं असतं. ते पाण्यात विरघळतं. म्हणजे पडदा धुतला की तो स्वच्छ होतो आणि त्याच वेळी पेटायला सोपा होतो. त्यांनी धुतला नाही. स्पर्धेला धुळीसकट उभे राहिले, पहिल्या प्रवेशात पडदा उघडला आणि नायक शिंकला, एवढंच झालं.

पाण्याबद्दल एक गोष्ट राहिली. 2015 च्या दसऱ्याला आमच्या गल्लीत कुणी वाकळा धुतल्या नाहीत. पाणीच नव्हतं. पुढच्या वर्षी 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाच लाख लिटर पाणी लातूरला आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. 2015 च्या त्या दसऱ्याला बायकांनी गोधड्या उन्हात टाकल्या, झाडल्या, उलट्या केल्या, पुन्हा झाडल्या. आत्यांना ते जिवाला लागलं होतं. अर्धवट दसरा काढला म्हणून घट बसवताना त्या देवीची माफी मागत होत्या. मी जाळीचा तुकडा घेऊन पडद्यावर व्हॅक्यूम फिरवत होते. घरातली ती एकच वस्तू अशी होती जिचा दसरा त्या वर्षीही नेहमीसारखा निघाला, आणि हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. सगळ्या गोष्टी वाद जिंकायला वापरायच्या नसतात.

यंदा नणंदेला नव्या फ्लॅटसाठी मखमली पडदे घ्यायचे होते म्हणून आम्ही तिघी गंजगोलाईच्या बाजारात गेलो. दुकानदारानं तागे उलगडून ढीग केला: मोरपिशी, राखाडी, मातकट. मी प्रत्येकावरून हात उलटा-सुलटा फिरवत होते. नणंद रंग बघत होती.

"अस्तर कोणतं लावून देता?" मी विचारलं.

"अस्तर कामून पाहिजे, ताई? चांगला जाड माल आहे. मागून कोण बघायलंय?"

मी काही बोलायच्या आत आत्या पुढं झाल्या. "अस्तराबिगर पडदा घ्यायचा नाही आपल्याला. मांजरपाट दाखव. आन् आटतो किती ते आधी सांग."

त्यानं मांजरपाट काढला. आत्यांनी तो दोन्ही अंगठ्यांत धरून ताणला, वास घेतला, खळ फार आहे म्हणाल्या आणि भाव पाडला. मखमल नणंदेनं राखाडी घेतली, पॉलिएस्टरची. अस्तराचा मांजरपाट आत्यांनी घरी आल्या आल्या गच्चीवरच्या मोठ्या टोपात भिजत घातला, त्यावर पाटा ठेवला आणि मोटर बंद करायला मला खाली पिटाळलं.